डाव्या हाताची फिरकी

आपल्याकडे डाव्या हाताविषयीची तक्रार जेवणाच्या पाटापासून सुरू होते. नैवेद्य, दक्षिणा, घास आणि अक्षर या साऱ्यांचा मान उजव्या हाताला. डावा हात पुढे झाला की वडीलधारी माणसे हटकणार! पाटीवरची पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्यात देणारे गुरुजी येथे जमलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. क्रिकेटच्या मैदानावर मात्र हाच हात मुद्दाम शोधला जातो.

त्याचे कारण भूमितीत आहे. बहुसंख्य फलंदाज उजव्या हाताने खेळतात. डावखुरा फिरकी गोलंदाज यष्टींच्या बाहेरच्या बाजूने चेंडू टाकतो, तेव्हा तो हवेतून फलंदाजाच्या अंगाकडे येतो आणि टप्पा पडल्यावर त्याच्यापासून दूर वळतो. बॅट आधीच्या रेषेत पुढे जाते. चेंडू ती रेषा सोडतो आणि बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये किंवा यष्टिरक्षकाकडे जातो. मध्येच एखादा चेंडू न वळता सरळ आत येतो व फलंदाज पायचीत होतो. उजव्या हाताचा लेगस्पिनरही चेंडू असाच बाहेर काढतो, परंतु त्यासाठी त्याला मनगट फिरवावे लागते आणि मनगट लहरी असते. डावखुरा तेच काम बोटांनी करतो. त्यामुळे दिवसभर एकाच जागी टप्पा टाकण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी येते.

या परंपरेचे पहिले मोठे नाव बेळगावकरांना शेजारचे वाटावे असे आहे. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडात, एका चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर नोकरीस होते. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी आठवण सांगितली जाते. बाळूंच्या हाती बॅट मात्र तेथे कोणी दिली नाही. हजारो चेंडूंच्या त्या चाकरीत त्यांचा टप्पा घडला.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, तेही बऱ्याच वादानंतर. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातातला चेंडू बिनदिक्कत झेलत. चहाची वेळ झाली की बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. विटाळ चेंडूला होत नसे, पेल्याला होत असे! १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाने २३ पैकी अवघे ६ सामने जिंकले, पण बाळूंनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. १९२० साली उपकर्णधारपद मिळाले, तेही त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतल्यावर. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

बापू नाडकर्णी नाशिकचे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावातील त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. या शेवटच्या शून्यावरून त्यांना हिणवणारे लोकही होते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण एका टोकाला धावा आटल्या की फलंदाज दुसऱ्या टोकाला धोका पत्करतो, आणि तो बळी दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

ज्या भूमितीमुळे डावखुऱ्याला संघात जागा मिळते, तीच भूमिती ती जागा एकच ठेवते. १९६६ पासून १९७९ पर्यंत ती बिशनसिंग बेदींची होती. त्यांनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही. पण त्याच काळात हरयाणाचे राजिंदर गोयल आणि मुंबईचे पद्माकर शिवलकर गोलंदाजी करीत होते. गोयल यांचे रणजी स्पर्धेतील ६३७ बळी हा विक्रम आहे. शिवलकरांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ गडी बाद केले. दोघांच्याही वाट्याला एकही कसोटी आली नाही. निवड समितीने या दोघांना २०१७ साली नव्हे, तर १९७० च्या दशकात आठवावयास हवे होते. २०१७ मध्ये मिळाला तो सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार. गोयल २०२० साली गेले, शिवलकर मार्च २०२५ मध्ये.

शिवलकर काय होते हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्याचा धावफलक उघडावा. चेपॉकची फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, समोर यजमान तामिळनाडू. मुंबईचे डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१. शिवलकर : १६ धावांत ८ बळी, आणि १८ धावांत ५.