शर्यत संपल्यानंतर...

'निवृत्ती' हा शब्द उच्चारला, की नोकरदार मनुष्याच्या मनात काही गोष्टी आपोआप उभ्या राहतात. भविष्य निर्वाह निधी, उपदान, निवृत्तिवेतन आणि आयुष्यभर साठवलेल्या पुंजीवरचे व्याज. उमेदीच्या काळात थोडेथोडे बाजूला काढावे आणि उतारवयात त्यावर निश्चिंत राहावे, हा व्यवहार आपल्या अंगवळणी पडला आहे. परंतु जगात असाही एक धावपटू आहे, जो वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षीच निवृत्त होतो. त्याच्या कमाईतला एक पैसाही त्याच्या नावावर जमा होत नाही आणि पुढचे सात-आठ वर्षांचे आयुष्य कोणाच्या आधाराने काढायचे, हे ठरवणे त्याच्या हाती नसते. हा धावपटू म्हणजे शर्यतीचा ग्रेहाउंड श्वान. इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत अशा निवृत्त श्वानांना दत्तक घेण्याची एक चळवळच गेल्या काही दशकांत उभी राहिली आहे. तिची हकिगत श्वानप्रेमींनी वाचावी अशी आहेच. पण 'तरतूद' या शब्दाचे मोल जाणणाऱ्या प्रत्येकालाही ती विचार करायला लावील.

यांत्रिक सशामागे

लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि सडपातळ पाय अशा बांध्याचा ग्रेहाउंड ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावू शकतो. पूर्ण वेगात असताना त्याच्या प्रत्येक झेपेत दोन वेळा चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. वासापेक्षा नजरेच्या बळावर शिकार करणाऱ्या श्वानांच्या प्राचीन कुळातला हा प्राणी. जिवंत सशामागे दोन श्वान सोडून त्यांचे कसब पाहणे, हा इंग्लंडमधील जमीनदारांचा जुना शौक होता.

या शौकाला व्यवसायाचे रूप दिले ते एका यंत्राने. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने रुळावरून पळणारा कृत्रिम ससा तयार केला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे अशा सशामागे श्वान धावू लागले. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधील पहिली अशी शर्यत झाली. घोड्यांच्या शर्यती दुपारी आणि शहराबाहेर होत. श्वानांच्या शर्यती मात्र संध्याकाळी, दिव्यांच्या प्रकाशात आणि गिरणी-कारखान्यांच्या जवळच होत. दिवसभर राबलेला कामगार घरी जाता जाता तेथे डोकावू शकत असे आणि चार नाणी पैजेवर लावू शकत असे. सहा पिंजरे, सहा रंगांची अंगवस्त्रे ल्यालेले सहा श्वान आणि जेमतेम अर्ध्या मिनिटात लागणारा निकाल! काही वर्षांतच हा खेळ शहराशहरांत पसरला.

या खेळाने आपले नायकही निर्माण केले. १९२६ साली आयर्लंडमधील एका धर्मगुरूंच्या घरी जन्मलेल्या मिक द मिलर या श्वानाने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लिश डर्बी जिंकली. निवृत्तीनंतर तो चित्रपटातही झळकला. १९३९ साली तो मरण पावला, त्यानंतर त्याचा देह पेंढा भरून जतन करण्यात आला आणि इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयात ठेवण्यात आला. पण मिकच्या वाट्याला आलेला सन्मान लाखांत एकाचा. त्याच्यासोबत धावलेल्या बाकीच्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

पुस्तकी किंमत शून्य

हिशेबशास्त्रात यंत्रावर दरवर्षी घसारा आकारला जातो. पुस्तकी किंमत शून्यावर आली, की यंत्र भंगारात निघते आणि विषय संपतो. शर्यतीच्या श्वानाचे तसे नाही. तो साधारण दीड वर्षाचा असताना धावू लागतो. वेग मंदावला किंवा पायाला दुखापत झाली, की तीन ते पाच वर्षांच्या वयात मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य होते. त्याचे नैसर्गिक आयुष्य मात्र बारा वर्षांच्या आसपास असते. म्हणजे कमाईची वर्षे दोन-तीन आणि खर्चाची सात-आठ. हा खर्च कोणत्याच वहीत लिहिलेला नसे.

तो लिहिलेला नसल्याचे परिणाम भयंकर झाले. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील सीहॅम या गावी एक मनुष्य पैसे घेऊन निवृत्त ग्रेहाउंड मारून पुरतो, अशी बातमी जुलै २००६ मध्ये एका लंडनच्या वृत्तपत्राने छापली. पंधरा वर्षांत सुमारे १०,००० श्वान अशा रीतीने संपवले गेले असावेत, असा त्या वृत्तपत्राचा दावा होता. देश हादरला. लॉर्ड डोनह्यू यांच्या चौकशीचा अहवाल २००७ मध्ये आला आणि २०१० मध्ये इंग्लंडमध्ये शर्यतीच्या ग्रेहाउंडांच्या कल्याणासाठी स्वतंत्र नियम लागू झाले. मैदानावर पशुवैद्य हजर असणे आणि प्रत्येक श्वानाची ओळख नोंदलेली असणे बंधनकारक झाले.

गोव्याप्रमाणेच दीर्घकाळ पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या मकाऊचे उदाहरणही बोलके आहे. तेथील श्वान-शर्यतीचे मैदान जुलै २०१८ मध्ये बंद झाले. जागा रिकामी करण्याची मुदत संपली, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड पिंजऱ्यांतच राहिले होते. मैदान चालवणाऱ्यांनी त्यांची पुढची सोय लावलेली नव्हती. अखेर सरकारने श्वान ताब्यात घेतले, स्थानिक प्राणिमित्र संस्था पुढे आल्या, परदेशातील संस्थांनी हात दिला आणि त्या श्वानांना इटली, हाँगकाँग, अमेरिका, ब्रिटन अशा ठिकठिकाणी घरे मिळाली. ज्यांनी त्यांच्या धावण्यावर एक पैसाही कमावला नव्हता, अशा अनोळखी कुटुंबांनी त्यांचे उरलेले आयुष्य पत्करले.

वस्तुतः दत्तक चळवळीचे सारे बळ अशा सामान्य कुटुंबांतच आहे. ब्रिटनमध्ये निवृत्त ग्रेहाउंडांसाठीची पहिली मोठी विश्वस्त संस्था १९७५ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेत १९८० च्या दशकात स्वयंसेवकांच्या संघटना उभ्या राहिल्या. घरोघरी जाऊन 'हा श्वान घरात राहू शकतो' हे पटवून देण्याचे काम त्यांनी केले.

पायऱ्या, आरसा आणि काच

हे पटवून देणे सोपे नव्हते. इतका वेगवान प्राणी घरात धुमाकूळ घालील, त्याला दिवसभर पळवावे लागेल, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात निवृत्त ग्रेहाउंड दिवसाचा बहुतेक वेळ झोपण्यात घालवतो. दिवसातून दोनदा बेताची रपेट आणि मऊ अंथरूण एवढ्यावर तो संतुष्ट असतो. तो अल्पकाळ वेगाने धावणारा आहे. तासन्‌तास दौडणे त्याच्या प्रकृतीत नाही. स्वभावाने तो शांत असतो आणि भुंकतोही क्वचित.

मात्र 'घर' ही गोष्ट त्याने कधी पाहिलेली नसते. त्याचे सारे आयुष्य श्वानशाळेत गेलेले असते. त्यामुळे जिन्याच्या पायऱ्या कशा चढायच्या, हे त्याला ठाऊक नसते. पहिल्या दिवशी तो तळाशी थिजून उभा राहतो आणि घरातील माणसांना त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवावा लागतो. बंद काचेचे दार त्याला दिसत नाही. म्हणून सुरुवातीला काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. आरशातला श्वान, दूरचित्रवाणीचा आवाज, गुळगुळीत फरशी या सर्वांची त्याला धास्ती वाटते. श्वानशाळेत तो कधी एकटा राहिलेला नसतो. त्यामुळे माणसे बाहेर गेली, की तो व्याकूळ होतो. एकटे राहण्याची सवय त्याला पाच मिनिटे, दहा मिनिटे अशी हळूहळू लावावी लागते.

दत्तक घेण्यापूर्वी

प्रेमाबरोबरच माहितीही हवी, असे तेथील संस्था बजावतात. श्वान घरी देण्यापूर्वी त्याचे दात स्वच्छ केले जातात, निर्बीजीकरण केले जाते आणि मांजर किंवा लहान कुत्रे समोर आल्यावर तो कसा वागतो, हे पाहिले जाते. धावत्या लहान प्राण्यामागे झेपावणे हे त्याच्या रक्तातच असल्याने कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळे सोडणे धोक्याचे असते. एकदा नजर लक्ष्यावर खिळली, की मालकाची हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही आणि तो क्षणात रहदारीत शिरू शकतो. त्याची मान डोक्याइतकीच रुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून ओढ बसताच थोडा आवळणारा, पण गळा न दाबणारा रुंद पट्टा वापरतात.

त्याच्या अंगावर चरबी अत्यल्प आणि केस आखूड. त्यामुळे थंडीत त्याला अंगरखा घालावा लागतो आणि कठीण फरशीवर झोपल्यास त्याचे सांधे सोलवटतात. काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात. अशा वेळी अचानक स्पर्श केल्यास तो दचकून गुरगुरू शकतो. म्हणून 'आधी हाक, मग हात' हा नियम घरातील मुलांना प्रथम शिकवला जातो. भुलीच्या काही औषधांचा त्याच्या शरीरातून निचरा फार सावकाश होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी या जातीची माहिती असलेला पशुवैद्य गाठणे इष्ट.

त्याच्या देहाचे एक वैशिष्ट्य मात्र इतर श्वानांना वरदान ठरले आहे. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर जातींहून अधिक असते आणि अनेक ग्रेहाउंडांचा रक्तगट गरजू श्वानांना देण्यास सोयीचा असतो. त्यामुळे श्वानांच्या रक्तपेढ्यांत निवृत्त ग्रेहाउंड हा मोलाचा दाता मानला जातो. अशा रीतीने या आगळ्या पेढीत तो आयुष्यभर ठेवी ठेवत राहतो!

तरतूद: आधी की नंतर?

स्वयंसेवकांच्या करुणेवर हा भार कायमचा टाकावा काय, हा प्रश्न ओघानेच आला. ब्रिटनमधील शर्यतींच्या नियामक मंडळाने सप्टेंबर २०२० पासून त्यावर एक उपाय अमलात आणला. श्वानाची शर्यतीसाठी नोंदणी होतानाच त्याच्या नावे ४०० पौंडांची रक्कम बांधली जाऊ लागली. निम्मी मालकाची, निम्मी मंडळाची. श्वान निवृत्त होऊन मान्यताप्राप्त दत्तक केंद्रात गेला, की ती त्या केंद्राला मिळते. बारा वर्षांच्या आयुष्यापुढे रक्कम तुटपुंजी आहे, अशी टीकाही होते. तरीही एक तत्त्व त्यातून मान्य झाले. निवृत्तीचा खर्च हा नोंदणीच्या दिवशीच उत्पन्न होणारा खर्च आहे.

दुसरीकडे, हा खेळच आवरता घेण्याकडे अनेकांचा कल झाला. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६९ टक्के मतदारांनी शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. बंदी मात्र तत्काळ आली नाही. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची मुदत देण्यात आली. एकाच वेळी हजारो श्वान बेघर होतील, ही भीती त्यामुळे खरी ठरली नाही. उलट अनेक संस्थांकडे दत्तक इच्छुकांची प्रतीक्षायादी लागली आणि काही अमेरिकन संस्थांनी पुढे आयर्लंड व ऑस्ट्रेलियातून श्वान आणले. न्यूझीलंड सरकारने १० डिसेंबर २०२४ रोजी शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हाही सुमारे वीस महिन्यांचा अवधी राखला. त्या वेळी तेथे सुमारे २,९०० श्वान शर्यतींत होते आणि त्यांना घरे मिळावीत, हाच या अवधीचा एक प्रमुख हेतू होता. फ्लोरिडातील दोन वर्षे आणि मकाऊतील पाचशे पिंजरे शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे पूर्वनियोजनाने काय साधते, हे निराळे सांगावे लागत नाही.

आपल्या अंगणात

ग्रेहाउंडचे दूरचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. दक्षिण महाराष्ट्रात 'कारवानी' आणि सीमेपलीकडे 'मुधोळ' म्हणून ओळखला जाणारा श्वान नजरेवर शिकार करणाऱ्या याच परंपरेतला. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी श्वानांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. सडपातळ बांधा, मर्यादित चरबी, धावत्या प्राण्यामागे झेपावण्याची ओढ हे गुण त्याच्यातही दिसतात. अशा श्वानाला हौसेखातर सदनिकेत आणणाऱ्यांनी वरील सूचना मनात ठेवणे हिताचे आहे.

निवृत्त श्वानांना मानाने निरोप देण्याची पद्धतही आपल्याकडे रुजू लागली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली मेट्रोच्या सुरक्षेत सेवा बजावलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या सात श्वानांचा समारंभपूर्वक गौरव करून त्यांना पुढील संगोपनासाठी एका प्राणिसेवी संस्थेकडे सोपवण्यात आले. सेवा संपली तरी जबाबदारी संपत नाही, याची ती जाहीर कबुलीच होती.

कोणताही मुका जीव घरी आणताना आपण त्याची किंमत विचारतो, जात विचारतो, रंग पाहतो. त्याबरोबरच एक साधा हिशेब मांडावयास हवा. त्याचे आयुष्य साधारण किती वर्षांचे, त्यातली किती वर्षे तो तरुण राहील, त्याच्या आजारपणाचा व म्हातारपणाचा खर्च दरमहा किती पडेल आणि आपण घरी नसताना त्याला कोण पाहील? या रकान्यांत आकडे भरता आले, तर त्याला अवश्य घरी आणावे. ते भरता येत नसतील, तर थोडे थांबण्यात कमीपणा नाही.