पडद्यावरचे हिरवे टेबल

स्नूकरचे पूर्ण आकाराचे टेबल १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असते. चारही बाजूंनी क्यू मोकळेपणाने मागे घेता यावा, यासाठी त्याला सुमारे २२ बाय १६ फुटांची खोली लागते. म्हणजे साडेतीनशे चौरस फूट. मुंबईत तेवढ्या जागेत एखादे कुटुंब संसार थाटते. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मलेला हा खेळ आपल्याकडे क्लब, जिमखाने आणि पार्लर यांच्यापुरताच राहिला, याचे एक कारण हेही आहे. संगणकाने हे टेबल घरात आणून ठेवले. मात्र १५ लाल, ६ रंगीत आणि १ पांढरा अशा २२ चेंडूंचा हा डाव पडद्यावर खरा वाटावा, हे काम दिसते तितके सोपे नव्हते.

एका अंशाचा प्रश्न

स्नूकरच्या चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. दीड मीटर दूर असलेल्या लाल चेंडूवर नेम धरताना क्यूची दिशा केवळ १ अंशाने चुकली, तर पांढरा चेंडू सुमारे २६ मिलिमीटर, म्हणजे चेंडूच्या अर्ध्या व्यासाइतका बाजूला सरकतो. सरळ जाणारा लाल चेंडू मग भलत्याच दिशेला पळतो. स्नूकरची सारी कसोटी अंशाच्या अशा छोट्या छोट्या भागांत आहे.

सुरुवातीच्या घरगुती संगणकांना नेमकी हीच सूक्ष्मता झेपत नव्हती. १९८४ मधील ‘स्टीव्ह डेव्हिस स्नूकर’सारख्या खेळांत टेबल छतावरून पाहावे तसे सपाट दिसे. ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’च्या पडद्याची रुंदी होती अवघे २५६ ठिपके. टेबल त्या संपूर्ण रुंदीत बसवले, तरी एका ठिपक्यात सुमारे १४ मिलिमीटर अंतर सामावते आणि चेंडू चार ठिपक्यांचाही होत नाही. अशा चित्रावर अर्ध्या अंशाचा नेम डोळ्यांना दिसणार तरी कसा?

‘वावटळी’चे वळण

या अडचणीवरचा तोडगा १९९१ मध्ये ब्रिटिश प्रोग्रामर आर्चर मॅक्लीन यांच्या ‘जिमी व्हाईट्स व्हर्लविंड स्नूकर’ने लोकप्रिय केला. १९८४ ते १९९४ या काळात सहा वेळा जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही विजेतेपदाने हुलकावणी दिलेल्या जिमी व्हाईट यांचे ‘वावटळ’ हे टोपणनाव या खेळाला लाभले. मॅक्लीन यांनी टेबल त्रिमितीत उभे केले. खेळणाऱ्याला टेबलाभोवती फिरता येई, चेंडूजवळ वाकता येई आणि क्यूच्या मागून नेम धरता येई. नजर जवळ गेली की चेंडू मोठा होई आणि ठिपक्यांची मर्यादा आपोआप सैल पडे.

‘अमिगा’ या संगणकाचा प्रोसेसर जेमतेम ७ मेगाहर्ट्झचा होता आणि त्याला दशांश अपूर्णांकांची गणिते थेट करता येत नसत. त्या यंत्रावर हे साधले, म्हणून या खेळाचे विशेष कौतुक झाले. खेळणाऱ्याने फार वेळ लावला तर चेंडू त्याला वेडावून दाखवत, हा मॅक्लीन यांचा खट्याळपणाही लक्षात राहिला. मॅक्लीन यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

चेंडूंमागचे गणित

हे गणित संगणकाहून कितीतरी जुने आहे. फ्रेंच गणितज्ञ कोरिओलिस यांनी १८३५ मध्येच बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या गतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मध्यभागी टोला बसलेला चेंडू लगेच गडगडत नाही. तो आधी घसरतो. कापडाच्या घर्षणाने त्याला हळूहळू फिरकी मिळते आणि वेग मूळ वेगाच्या पाच-सप्तमांश झाला की तो निखळ गडगडू लागतो. घसरता, फिरकी नसलेला पांढरा चेंडू लाल चेंडूवर समोरासमोर आदळला तर जागीच थांबतो. कडेला आदळला तर दोघांच्या वाटा जवळजवळ काटकोनात फुटतात. गडगडणारा चेंडू धडकेनंतरही पुढे जातो, तर उलटी फिरकी असलेला मागे येतो. पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू हव्या त्या जागी आणण्याचे कौशल्य यावरच उभे आहे.

प्रोग्रामरपुढे आणखी एक पेच असतो. सेकंदाला ६ मीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या साठाव्या भागात १० सेंटिमीटर पुढे जातो. संगणकाने चेंडूंच्या जागा केवळ तेवढ्या-तेवढ्या वेळाने तपासल्या, तर एक चेंडू दुसऱ्यातून आरपार गेल्यासारखा होईल. म्हणून पुढची टक्कर नेमकी कोणत्या क्षणी होणार, हे आधीच काढावे लागते.

हात मात्र कुठे आहे?

२०१९ मध्ये आलेल्या ‘स्नूकर १९’पर्यंत टेबल, चेंडू आणि नामांकित खेळाडूंचे चेहरे हुबेहूब झाले. तरीही एक गोष्ट गणितात बसत नाही, ती म्हणजे माणसाचा हात. प्रत्यक्षात चूक घडते ती बहुधा हिशेबात नव्हे, तर खांदा हलल्याने किंवा डोके लवकर वर उचलल्याने. पडद्यावर नेम एकदा धरला की तो ढळत नाही. म्हणून काही खेळ फटक्याचा जोर माऊसच्या हालचालीवर ठेवतात, तर काही नेमरेषा आखडती घेऊन चुकीला जागा करून देतात.

संगणक प्रतिस्पर्धी असतो तेव्हा हाच प्रश्न उलटा होतो. त्याला प्रत्येक कोन अचूक काढता येतो. त्याला मोकळे सोडले तर समोरच्याची पाळी क्वचितच येईल. त्याच्या नेमात जाणूनबुजून थोडी चूक मिसळावी लागते. ती किती मिसळायची, यावर नवशिका आणि निष्णात प्रतिस्पर्धी यांतला फरक ठरतो.

या खेळाने कोणी स्नूकरपटू होत नाही. वाकून उभे राहणे, श्वास आवरणे आणि क्यू सरळ रेषेत नेणे हे टेबलाशीच शिकावे लागते. मात्र कोणता चेंडू आधी घ्यावा, पांढरा कुठे थांबवावा आणि धोका केव्हा टाळावा, हा विचार पडद्यावरही तितकाच खरा असतो. दूरचित्रवाणीवर सामना पाहताना खेळाडू सोपा चेंडू सोडून अवघड का निवडतो, हे ज्याला या खेळामुळे उमगले, त्याच्यापुरते तरी ते साडेतीनशे चौरस फूट सत्कारणी लागले.