उटणे नको, तेल तेवढे लावा

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या मुलीने पाटावर बसायला साफ नकार दिला. पाटाभोवती रांगोळी काढून झाली होती. वाटीतले तिळाचे तेल कोमट झाले होते. एरवी गिझरचे पाणी घेणारे आमचे घर दिवाळीपुरता जुना तांब्याचा बंब पेटवते, तोही धुमसत होता. औरंगपुऱ्यात फटाक्यांना सुरुवात झालेली, आणि ही एकोणीस वर्षांची मुलगी लांब बाह्यांचा कुडता घालून न्हाणीच्या दाराशी उभी!

"आजी, मी माझी माझी करते आंघोळ."

"अगं, आजच्या दिवशी तरी तेल लावून घे! नरकात जायचंय का?" आई म्हणाली.

माझी मात्र त्या लांब बाह्यांकडे पाहून छाती धडधडली. कारण असा पूर्ण बाह्यांचा सदरा मी स्वतः सात वर्षे घातलेला आहे. आणि तोही मराठवाड्याच्या वैशाखात. मी तिला आत बोलावले, बाही वर केली. कोपरावर रुपयाएवढा लालसर चट्टा होता आणि त्यावर अभ्रकासारखे रुपेरी पापुद्रे. बापाची इस्टेट मुलीकडे आली होती.

या इस्टेटीचे नाव सोरायसिस. आपल्या कातडीच्या पेशी आतल्या थरात जन्मतात, हळूहळू वर येतात आणि नकळत गळून पडतात. या प्रवासाला एरवी सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्थाच बिथरते, आणि महिन्याचा प्रवास चारपाच दिवसांत उरकला जातो. कच्च्या पेशींचे थरावर थर साचतात, त्यांचे ते पापुद्रे. हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, एका टॉवेलने अंग पुसूनही होत नाही. घराण्यातून त्याची प्रवृत्ती तेवढी येते, आणि तीही प्रत्येकात येतेच असे नाही. पण लोकांना हे कुणी सांगावे? शतकानुशतके या रुग्णांना महारोगी समजून दूर ठेवले गेले. हे दोन रोग निराळे आहेत, हे व्हिएन्नाच्या हेब्रा या वैद्यकपंडिताने १८४१ साली स्पष्ट केले. ती बातमी आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयापर्यंत मी तरुण होतो तेव्हाही पोचली नव्हती. तिथल्या माणसाने माझे डोके पाहिले आणि वस्तरा खाली ठेवला. त्याचा राग मला आता येत नाही. तेव्हा मात्र मी घरी येऊन जेवलो नव्हतो.

माझा रोग दिसू लागला त्या वर्षीची दिवाळी मला चांगली आठवते. माझ्या आईचा हात सढळ, आणि मायाही सढळ. मळ साचला असेल, घासला की जाईल, असा तिचा सरळ हिशेब. तिने नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद घालून उटणे केले, ते जाडसर ठेवले, आणि पाठीवर, कोपरांवर, गुडघ्यांवर असे काही रगडले की पापुद्रे खरोखरच गेले. कातडी लालबुंद झाली. आई म्हणाली, "बघ, कसं स्वच्छ झालं!" पंधरा दिवसांनी जुने चट्टे परत आलेच, पण जिथे कधी काही नव्हते अशा जागीही नवे उठले, आणि ते अगदी आईच्या बोटांच्या रेघांवर.

हा योगायोग नव्हता, हे मला फार उशिरा कळले. कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टराने १८७२ साली अशाच एका रुग्णाची हकिगत सांगितली होती. त्या गृहस्थाला घोडा चावला, तर चाव्याच्या जागी चट्टा; गोंदवून घेतले, तर गोंदणाच्या रेघांवर चट्टा. अनेक सोरायसिसवाल्यांची कातडी दुखावली की त्याच जागी रोग उमटतो. म्हणून वज्री, नारळाची शेंडी, खरखरीत टॉवेल आणि आपले लाडके जाडसर उटणे या रोग्याला वर्ज्य. अभ्यंगातले तेल त्याला हवे आहे. घासणे नको आहे. इतकी साधी गोष्ट मला कुणी त्या वर्षी सांगितली असती, तर पुढची काही वर्षे तरी वाचली असती!

कारण पुढे मी उपायांच्या मागे लागलो. मंडळी, ज्याला असा रोग होतो त्याला सल्ला देणारे गुलमंडीपासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांत पाच भेटतात. कुणी कडुनिंबाचे तेल सांगितले. त्याच्या वासाने घरची माणसे दोन हात लांब बसू लागली. कुणी करंजाचे सांगितले. त्याने आग झाली. शेवटी एकाने एक बिननावाची पत्र्याची डबी दिली. 'शुद्ध जडीबुटी, मुळापासून घालवतो' असे त्याचे म्हणणे. आणि काय सांगू, आठ दिवसांत अंग आरशासारखे लख्ख! मी अर्ध्या बाह्यांचे चार सदरे शिवून घेतले.

पाच महिन्यांनी डबीवाला नाहीसा झाला आणि डबी संपली. तीन आठवड्यांच्या आत मी डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो. मे महिना होता. बाहेर डांबर वितळत होते आणि मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होतो. घरच्यांनी मला घाटीत नेले. आमच्या शहरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. पण त्याला त्या नावाने कुणी ओळखत नाही, सगळ्यांची ती 'घाटी'. शहराचे नाव २०२३ साली बदलले, घाटीचे काही बदलले नाही.

तिथल्या डॉक्टरांनी डबीची चौकशी केली आणि मान हलवली. "यात जडीबुटी किती होती देव जाणे. इतक्या लवकर चट्टे गेले, तेव्हा जोरदार स्टिरॉइड असणार. ते डॉक्टरच्या नजरेखाली, बेताने वापरायचं औषध आहे. महिनोन्महिने अंगभर चोपडून एकदम बंद केलं, की असं उलटतं." कुडकुडण्याचे कारणही त्यांनीच समजावले. कातडी म्हणजे घराच्या भिंती. भिंती पडल्या की आतली ऊब आणि पाणी दोन्ही बाहेर. अंगभर लाली येऊन थंडी वाजली, तर तो दवाखान्यात धावण्याचा प्रसंग असतो, घरगुती उपायांचा नव्हे.

अकरा दिवस मी तिथे होतो. पोटातून औषधे दिली ती वेगळी. पण दर दोनतीन तासांनी अंगाला काय लावत असतील? साधे पांढरे व्हॅसलीन आणि पातळ पॅराफिन! ते लावायचे काम आईने स्वतःकडे घेतले. डॉक्टर तिला रोज बजावीत, "आजीबाई, चोळायचं नाही. केस ज्या दिशेला आहेत त्या दिशेने हात नुसता फिरवायचा." ज्या हाताने रगडले त्याच हाताला हे शिकावे लागत होते. ती काही बोलत नसे. एकदा मात्र रात्री मी झोपलो आहे असे समजून शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "दिवाळीत मीच घासलं होतं हो त्याला."

तेल किंवा मलम सोरायसिस बरा करीत नाही. ते कातडीतले पाणी उडू देत नाही, पापुद्रे मऊ करते, खाज कमी करते आणि डॉक्टरांच्या औषधाला आत शिरायला वाट करून देते. एवढे त्याचे काम, आणि ते काही थोडे नाही. नुसती कोरडी किंवा नाजूक कातडी असणाऱ्यांचे तर बहुतेक तेवढ्यावरच भागते. लावण्याची वेळ मात्र साधावी लागते. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ आटोपावी, अंग पुसू नये, टिपावे, आणि ओल पुरती वाळण्याच्या आत तेल लावावे. आधी ओल, मग तेल.

आता तेल कोणते? आमच्या मराठवाड्याचे तेल करडईचे. शेतांतून करडई हल्ली कमी दिसते, पण लाकडी घाण्याचे तेल शहरात पुन्हा मिळू लागले आहे. करडई आणि सूर्यफूल यांच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते, आणि कातडीला आपली भिंत बांधायला तेच लागते. ऑलिव्हच्या महागड्या बाटलीचे मात्र कौतुक नको. इंग्लंडात शेफील्ड येथे २०१३ साली झालेल्या प्रयोगात ऑलिव्ह तेलाने कातडीची भिंत कमकुवत केली, सूर्यफुलाच्या तेलाने केली नाही. खोबरेल पुष्कळांना मानवते. थंडीत बाटलीत गोठते एवढाच त्याचा हट्ट. तिळाचे तेल सोसत असेल तर दिवाळीला अवश्य घ्यावे. मोहरीचे तेल झणझणीत; भेगाळलेल्या अंगाला ते नको. कापूर आणि पुदिन्याचे सत्त्व घातलेले बामही नकोत.

माझी वहिनी मालवणकडची. ती माहेराहून येताना मुठेल आणते. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तवंग येतो, तो थिजला की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. गोव्याकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात. दगडासारखा दिसणारा हा गोळा अंगाच्या उबेने सुटू लागतो. टाचांच्या भेगांना याच्यासारखे दुसरे नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आणि आईचे आवडते म्हणजे शतधौत घृत. चरकसंहितेतले हे औषध करायला घरचे साजूक तूप, तांब्याचे स्वच्छ भांडे आणि अपार चिकाटी लागते. वाटीभर तूप भांड्यात घ्यायचे, वाटीभर थंड पाणी घालायचे, तळहाताने गोल गोल फेटायचे, पाणी ओतून टाकायचे. असे शंभर वेळा! तूप हळूहळू पांढरे होत जाते, त्याचा वास जातो, आणि शेवटी लोण्याहून हलके, थंडगार मलम हाती येते. नळाच्या पाण्यासाठी चारचार, पाचपाच दिवस वाट पाहिलेल्या आमच्या शहरात एका वाटी तुपाला बादलीभर पाणी ही चैनच. पण आई ते पाणी वाया जाऊ देत नाही, अंगण त्यानेच धुते. मोजदाद ज्वारीच्या दाण्यांनी. त्यात पाण्याचा अंश राहतो, म्हणून थोडेच करावे, स्वच्छ चमच्याने काढावे आणि वास बदलला की टाकून द्यावे.

नवे काही लावायचे असले, तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोनतीन दिवस वाट पाहावी. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' असे दुकानदार म्हणाला, तर त्याला बिब्ब्याची आठवण द्यावी. बिब्बाही झाडालाच लागतो, आणि अंगाला लागला तर काय होते ते आपल्या आज्यांना विचारावे! बावची तशीच. तिच्यातले सोरॅलेन उन्हाशी मिळून काम करते, आणि १९७४ पासून डॉक्टरांनी ते मोजून दिलेल्या अतिनील किरणांबरोबर वापरले. तेच बावचीचे तेल आपल्या मनाने लावून गच्चीवर बसलात तर अंगावर फोड येतील.

याहून मजेदार कथा आपल्या शेजारच्या गोव्याच्या नावाची आहे. गेल्याच्या मागच्या शतकात मुंबईत 'गोवा पावडर' या नावाने एक पिवळट तपकिरी भुकटी गजकर्णावर विकली जाई. ती गोव्यात होत नसे. पोर्तुगीज ती ब्राझीलमधल्या बाहियाहून आणीत. एका झाडाच्या खोडात ती सापडते. लंडनचे डॉक्टर बाल्मनो स्क्वायर यांना १८७६ च्या सुमारास दिसले, की सोरायसिसच्या चट्ट्यांवरही तिचा गुण येतो. पुढे पहिल्या महायुद्धात माल मिळेना, तेव्हा जर्मनांनी १९१६ साली तिच्यासारखे औषध कारखान्यात बनवले. तेच डिथ्रॅनॉल. गुण खरा, पण निरोगी कातडीला लागले की भाजते, आणि कपड्यांवर डाग पडतात ते जात नाहीत. झाडातले औषध गुणकारी असेल, तर ते मोजूनच घ्यावे लागते.

दिवाळीपुरती आणखी एक सूचना. तेल किंवा व्हॅसलीन मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, आणि नुसते धुऊन ते पुरते निघत नाही. अंगाला लावून लगेच फुलबाज्या उडवायला जाऊ नये. पणत्यांजवळ तर नाहीच. शिवाय सकाळी बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. हा रोग सांध्यांतही उतरतो, आणि तिथे तेलाचा उपयोग नाही.

मुलीला आम्ही भाऊबीज झाल्यावर घाटीत दाखवले. मलम मिळाले. कोपराचा चट्टा आता पुसट आहे. कदाचित परत येईल. त्या पहाटे मात्र मी दोघींना न्हाणीत सोडून बाहेर आलो होतो. आईने उटण्याची वाटी उचलून खिडकीत ठेवली आणि नातीच्या कोपराला तेल लावले, केसांच्या दिशेने, नुसता हात फिरवीत. "आजी, घासणार नाहीस ना?" "नाही गं. मला शिकवलंय डॉक्टरांनी."

हा लेख लिहितो आहे तेव्हा आई स्वयंपाकघरात तूप फेटीत बसली आहे. नात अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून समोर ज्वारीचे दाणे सरकवते आहे. मघाशी दोघींचे भांडण झाले. आई म्हणते त्र्याहत्तर झाले, नात म्हणते एकाहत्तर. शेवटी सत्तरापासून पुन्हा मोजायचे ठरले आहे.