उसनी खुर्ची, उसना पलंग

रुग्णोपयोगी साहित्य केंद्र ही महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रुजलेली, फारसा गाजावाजा न झालेली संस्था आहे. संस्था म्हटले तरी ती बऱ्याचदा एका खोलीत मावते. ही खोली देवळाच्या आवारात असते, समाजमंदिरात असते, नाहीतर सोसायटीच्या जिन्याखाली. चालवणारे कुठे ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद असतात, कुठे लायन्स किंवा रोटरी क्लबचे, कुठे १९७२च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या जनकल्याण समितीचे कार्यकर्ते, तर कुठे एखादे गणेश मंडळ. पाट्या वेगळ्या, काम एकच. ज्याला चालता, उठता किंवा कूस बदलता येत नाही, त्याला लागेल ती वस्तू लागेल तितके दिवस द्यायची आणि गरज संपली की परत घ्यायची.

व्यवहार सोपा असतो. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्राची प्रत, अनामत रक्कम आणि पावती. भाडे नाममात्र, काही ठिकाणी तेही नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना वॉकर लागतो तो काही महिने. विकत घेतला तर पुढे तो माळ्यावर जातो. दोन खोल्यांच्या घरात दवाखान्याचा पलंग तर कायमचा ठेवताच येत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख आणि अपंगत्वाची नोंद झालेले २ कोटी ६८ लाख लोक होते. या दोन याद्यांच्या मधल्या जागेत केंद्राचे बहुतेक लोक बसतात. सत्तरीत अर्धांगवायू झालेला माणूस स्वतःला दिव्यांग म्हणवत नाही, प्रमाणपत्र काढायलाही जात नाही. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ केंद्र प्रमाणपत्र मागत नाही, ही त्याची सर्वांत मोठी सोय.

केंद्राची खरी कसोटी वस्तू देण्याआधी लागते. किल्ल्या आणि नोंदवही सांभाळणारा माणूस बहुधा बँकेतून, पोस्टातून किंवा शाळेतून निवृत्त झालेला असतो. तो मुरलेला असेल तर आजार विचारण्याआधी घर विचारतो. कितवा मजला? लिफ्ट आहे का? न्हाणीघराचे दार किती रुंद? शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो, पण त्याचे कारण चाकांच्या खुर्चीच्या घडणीत आहे. १९३०च्या दशकात हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या अमेरिकन अभियंत्यांनी पोटाशी फुलीच्या आकाराचे नळे असलेली घडीची चाकांची खुर्ची बनवली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडून अधू झालेले होते. त्यांची खुर्ची मोटारीत मावावी म्हणून दुमडत होती. आज केंद्रात मिळणारी खुर्ची त्याच घराण्यातली. ती उघडल्यावर साधारण दोन फुटांहून जास्त रुंद होते, आणि जुन्या इमारतींत न्हाणीघराचे दार अनेकदा दोन फुटांचेच असते. माप न घेता दिलेली खुर्ची दिवाणखान्यात कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. अशा घरात कमोड खुर्ची जास्त उपयोगाची, कारण तिच्यामुळे न्हाणीघरापर्यंत जाण्याचीच गरज उरत नाही.

काठीचेही असेच आहे. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. निम्मे लोक ती उलट धरतात, आणि घरचेही ‘आजोबा, दुखतंय तिकडे धरा’ असेच सांगतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. टोकाचे रबरी बूच गुळगुळीत झाले असेल तर ओल्या फरशीवर ती काठी नसलेलीच बरी. हे सगळे सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे देणारे केंद्र आणि न देणारे केंद्र यांत फार फरक पडतो.

सर्वांत हट्टी वस्तू म्हणजे एअर बेड. फार काळ पडून राहणाऱ्या माणसाच्या माकडहाडाशी, खुब्यांवर आणि टाचांवर कातडी व हाड यांच्यामध्ये रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरू लागते. यालाच शय्याव्रण म्हणतात. एअर बेडमध्ये फुग्यांचे दोन संच असतात. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला छोटा पंप दोन नळ्यांनी त्यांना हवा देतो. काही मिनिटे एक संच फुगलेला असतो, मग तो मऊ पडतो आणि दुसरा फुगतो. दाब एकाच जागी राहत नाही, एवढेच त्याचे सारे तत्त्व.

या साध्या यंत्राला निकामी करणारी गोष्ट म्हणजे माया. सुनेला वाटते, आईंना प्लॅस्टिक टोचेल, म्हणून वर एक गोधडी येते, मग घडी घातलेले चादरीचे दोन थर, मग मेणकापड. खालचे फुगे फुगत राहतात, पण दाब पालटण्याचा परिणाम वर पोचत नाही. वर फक्त एक पातळ चादर हवी. हवा पुरेशी आहे का हे पाहण्याची रीतही सोपी आहे: कमरेच्या बरोबर खाली, एअर बेड आणि मूळ गादी यांच्यामध्ये तळहात सरकवायचा. हाड हाताला लागले तर हवा कमी. वीज गेली की पंप थांबतो, म्हणून भारनियमन असलेल्या गावात माणसाची कूस दर दोन तासांनी बदलणे सुटत नाही. एअर बेड असला तरी ते सोडायचे नसते, पण यंत्र आले की हात सुटतात. सुई, बांगडीची कड, मांजराची नखे यांनी फुगा फुटतो. परत आलेल्या प्रत्येक एअर बेडला म्हणून आधी फुगवून, साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधून चकत्या लावाव्या लागतात.

पलंगाची अडचण वेगळी. त्याला फाउलर बेड म्हणतात; हे नाव जॉर्ज फाउलर या अमेरिकन शल्यविशारदाचे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अर्धवट बसवून ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. पायथ्याच्या एका दांड्याने पाठ उचलली जाते, दुसऱ्याने गुडघे. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला बसवून भरवता येते, हा त्याचा घरगुती फायदा. मात्र हा पलंग लोखंडी असतो. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या फळ्या निघतात, पण मधली चौकट निघत नाही, आणि तीच जिन्याच्या वळणावर अडते. वाड्यांच्या आणि तीन मजली जुन्या सोसायट्यांच्या जिन्यांची मापे मोजून ठेवणारी केंद्रे आहेत. तीन मजले पलंग चढवायचा तर चार माणसे लागतात. हमाली अनेकदा अनामत रकमेपेक्षा जास्त होते.

परत येणे हा नोंदवहीतला सर्वांत अवघड रकाना. वॉकर परतला तर बहुधा माणूस बरा झालेला असतो. पलंग परतला तर बहुधा तसे नसते. तेराव्यापर्यंत कोणी फोन करत नाही, आणि करूही नये. त्यानंतर मुले नोकरीच्या गावी परततात, घराला कुलूप लागते, पलंग आत राहतो. कडक नियम लावले तर गरीब माणूस दारातूनच मागे फिरतो. सैल ठेवले तर खोली रिकामी होते. बहुतेक केंद्रे दुसरी चूक पत्करतात, आणि ते योग्यच आहे.

उलट, नको असलेल्या वस्तूही येतात. वडील गेल्यावर मुलगा खुर्ची दान करतो, पण तिचे ब्रेक गेलेले असतात. नाही म्हणणे जड जाते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत मिळालेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचेही असेच झाले. हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे त्यांतले खनिज ओलसर हवेत न वापरता पडून राहिले की कमकुवत होते. यंत्र घरघरत राहते, पण बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण उतरलेले असते. ते मोजण्याचे उपकरण नसेल तर असे यंत्र रुग्णाला देणे धोक्याचे.

सरकारी योजनांनी हा भार काही प्रमाणात हलका केला आहे. २०१७पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे आणि चाकांच्या खुर्च्या शिबिरांतून मोफत मिळतात. शिबिर ठरलेल्या दिवशी होते, आजी मात्र कधीही पडतात. तेव्हा त्याच संध्याकाळी वॉकर देणारी खोली गल्लीतच लागते.

माणसे हा मात्र सगळ्यांत मोठा प्रश्न. पलंग उचलणारे कार्यकर्तेच आता सत्तरीला टेकले आहेत. काहींच्या स्वतःच्या घरी केंद्राचा वॉकर आहे. काही ठिकाणी महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हाताशी घेतले जातात. ती मुले पलंग सहज चढवतात, बूच आणि मनगटाचे माप शिकूनही घेतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या परीक्षा येतात, मग सुट्ट्या लागतात, आणि त्या दोन-तीन महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरच्या घरांना पलंगासाठी थांबावे लागते.