गडवाटेवर पाण्याचा हिशेब

रविवारी सकाळी आसनगाव स्थानकात कसारा लोकलमधून पाठपिशव्या घेतलेले घोळके उतरतात आणि माहुलीच्या वाटेला लागतात. कल्याणहून मुरबाडमार्गे जाणाऱ्या गाड्यांतून काही जण गोरक्षगडाकडे, तर काही वैशाखऱ्याला उतरून नाणेघाटाकडे जातात. बहुतेकांच्या पिशवीत एक लिटरची बाटली असते. स्थानकाबाहेर घेतलेली ही एक बाटली दिवसभर पुरेल, हा समज सहलीतल्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ असतो.

माहुली २,८०० फुटांहून उंच आहे. पायथ्यापासून वर जायला अडीच-तीन तास आणि उतरायला दोन तास धरले, तरी साडेचार-पाच तास शरीर कष्ट करत असते. उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, काहींचा त्याहून अधिक. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी भरून न निघता गेले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के घट झाली, की दम लवकर लागतो, डोके दुखते, पाय जड होतात आणि लक्ष विचलित होते. कड्यालगतच्या वाटेवर विचलित झालेले लक्ष तहानेपेक्षा महागात पडते.

घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळतो तेव्हा सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हेच शरीराचे थंड होण्याचे मुख्य साधन. पण कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळण्याऐवजी टपटप गळतो. पाणी जाते, मीठ जाते, अंग मात्र तापलेलेच राहते. त्यात सह्याद्रीची पश्चिमेकडची काळ्या कातळाची भिंत दुपारनंतर उन्हाने तापते. नेमके तेव्हाच उशिरा निघालेले लोक चढत असतात.

वातानुकूलित कार्यालयात आठवडा काढलेल्या शरीराला उन्हाची सवय नसते. ती व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. गावातला माणूस ज्या उन्हात रोज राबतो, ते शहरी पाहुण्याला एका दिवसात आडवे करू शकते. उन्हाचा धोका केवळ श्रम करणाऱ्यांनाच असतो असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. तिथे कोणी गड चढत नव्हते. लोक उन्हात बसले होते.

मग पाणी किती न्यावे? चालण्याच्या प्रत्येक तासाला निदान अर्धा लिटर, हा सोपा हिशेब. सहा तासांना तीन लिटर. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आणखी एक लिटर. निघण्यापूर्वी घरी दोन पेले पाणी प्यावे. वाटेत तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्यावेत, कारण दमल्यावर, आणि विशेषतः साठीनंतर, तहानेची जाणीव उशिरा होते. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर ठीक, गडद झाली किंवा बराच वेळ झालीच नाही तर पाणी कमी पडते आहे. निम्मे पाणी संपले आणि माथा अजून लांब असेल, तर परत फिरावे. गड कुठे जात नाही.

पाण्याचा अतिरेकही नको. घामाच्या प्रत्येक लिटरबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम जाते. त्याच्या जागी नुसते पाणी ढोसत राहिले, तर रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, गोंधळलेपणा आणि शेवटी झटके येऊ शकतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते. म्हणून तासाला एक लिटरहून अधिक पाणी पिऊ नये आणि पाण्याबरोबर मीठ पोटात जाऊ द्यावे. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, ताक, मीठ लावलेली काकडी, चटणी-भाकरी हे सारे त्यासाठी उत्तम.

जुलाब, उलट्या किंवा फार घाम झाला असेल तर ओआरएस. ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आतड्यातून झटकन शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाच्या बळावर पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवले. मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खोक्यातले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

काहींनी अधिक जपावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेही, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आदल्या रात्रीचे मद्य शरीर कोरडे करते. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून अनेक स्त्रिया मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यांच्यासाठी आडोशाची सोय पाहून थांबणे ही सोबत्यांची जबाबदारी आहे. पावसाळ्यात अंग भिजलेले असते म्हणून घाम जाणवत नाही, पण तो जातच असतो.

कोणी चक्कर येऊन बसले, तर सावलीत आडवे करावे, पाय उंच करावेत, शुद्धीत असेल तर घोट घोट सरबत द्यावे. पण ते असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा बेशुद्ध झाले आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी ताप १०४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेलेला असतो. घाम येत असला तरी फसू नये. तोंडात पाणी घालू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. आधी गार करणे, मग हलवणे.

डोंगरावर पाणी मिळेल या भरवशावर निघू नये, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. दोन हजार वर्षांपूर्वी बंदरांतून येणारा माल नाणेघाटाने जुन्नरला जाई. त्या वाटेवर कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यातले एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिल्याचे तिथला लेख सांगतो. अशी टाकी आता उन्हाळ्यात आटतात किंवा शेवाळतात. त्यातले पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नये.

राहिला पायथ्याचा गाव. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, बाया हंडे घेऊन विहिरीवर जातात. तिथे पाण्याला नाही म्हणण्याची रीत नाही. पण मागितलेला प्रत्येक तांब्या कुणीतरी डोक्यावरून आणलेला असतो. पाठीवरचे तीन लिटर म्हणजे तीन किलोचे ओझे खरे, पण ते दर तासाला हलके होत जाते. ते घरूनच भरून न्यावे.