पिल्लांची पिसं का गळतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या पाच पिल्लांची पिसं एकाएकी गळू लागली. पिल्लं तेव्हा जेमतेम ८ आठवड्यांची होती. रोज सकाळी खुराड्यात पिसांचा सडा, मानेवर आणि पाठीवर विरळ जागा. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मानमोडी आली असणार. मरायच्या आत बाजारात देऊन टाका." आमचं शिक्षण विज्ञानाचं, तरी आमचाही धीर सुटला. दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. आम्ही डालगं काढून ठेवलं.

संध्याकाळी एक पिल्लू हातात घेऊन पाठीवरच्या पिसांवर फुंकर मारली, तेव्हा कातडीवर निळसर-करडे, टोकदार कोंब दाटीनं दिसले. जुनी पिसं गळत होती, कारण खालून नवी येत होती. डालगं पुन्हा माळ्यावर गेलं.

मग प्रश्न उरला: दोन महिन्यांच्या पिल्लाची पिसं इतक्यात जुनी कशी होतात?

पीस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचं बनलेलं असतं. आपल्या नखासारखंच ते मुळाशी वाढतं, टोकाशी नाही. वाढत असताना त्याच्या दांड्यात रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की रक्तपुरवठा आटतो, दांडा पोकळ होतो आणि पीस निर्जीव बनतं. निर्जीव पीस नंतर मोठं होत नाही आणि तुटलं तर भरूनही येत नाही.

आता दुसरी गोष्ट. पिसं कातडीतल्या ज्या खळग्यांतून उगवतात, त्या खळग्या पिल्लू अंड्यात असतानाच तयार होतात. अंड्यातून निघालेलं ३०-४० ग्रॅमचं पिल्लू काही महिन्यांत किलोभर होतं. कातडी कितीतरी पट वाढते, पण खळग्या तेवढ्याच राहतात. मग अंग झाकायचं कसं? त्याच खळगीतून जुनं पीस टाकून आधीपेक्षा मोठं पीस उगवायचं, ही एकच वाट उरते. वाढत्या मुलाला जुना गणवेश पुरत नाही, तसंच हे.

हा बदल टप्प्याटप्प्यानं होतो. २१ दिवसांनी अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाच्या अंगावर मऊ लव असते. पहिल्या ६ आठवड्यांत तिची जागा खरी पिसं घेतात. या काळात नव्या पिसाच्या टोकाला लवेचा झुपका अडकलेला दिसतो, कारण त्याच खळगीतून मागून आलेल्या पिसानं तिला पुढे ढकललेलं असतं. त्यानंतर साधारण ७ ते ९, १२ ते १६ आणि २० ते २२ व्या आठवड्यांत थोडी थोडी पिसं बदलतात. आमची पिल्लं यातल्या ७ ते ९ आठवड्यांच्या टप्प्यात होती. गावरान पिल्लांत खाण्यापिण्यानुसार हे वेळापत्रक मागेपुढे होतं. पुढे मोठ्या कोंबड्याही दिवस लहान होऊ लागले की वर्षातून एकदा पिसं टाकतात आणि त्या काळात बहुधा अंडी देणं थांबवतात.

मात्र प्रत्येक पीसगळ निरुपद्रवी नसते. ती ओळखायची कशी? उघड्या जागी नवे कोंब असतील, दोन्ही बाजूंना गळ सारखी असेल आणि पिल्लू नेहमीसारखं उकरत, खात असेल, तर काळजीचं कारण नाही. पिसं तुटलेली असतील, शेपटीच्या बुडाशी जखमा असतील, तर पिल्लं एकमेकांना टोचत आहेत. अशा वेळी खुराड्यातली दाटी कमी करावी. पिसांच्या मुळाशी पांढरट लिखांचे पुंजके दिसले, तर उवा आहेत. काही माइट दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात खुराडंही तपासावं.

पिल्लू मलूल होऊन खाणं टाकत असेल, हिरवट हगवण असेल, मान वाकडी होत असेल, तर ती मानमोडीची लक्षणं असू शकतात. नुसती पीसगळ हे तिचं लक्षण नव्हे. असं आजारी पिल्लू वेगळं ठेवावं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. बाजारात मुळीच नेऊ नये. आमच्या पिल्लांना खरोखर रोग असता, तर डालग्यातून आम्ही तो गावोगाव पोचवला असता.

नवे कोंब रक्तानं भरलेले असतात. ते मोडले तर रक्त येतं आणि रक्त दिसलं की इतर पिल्लं तिथेच टोचतात. म्हणून या दिवसांत पिल्लांना फार हाताळू नये. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, तेव्हा नुसत्या कण्या-कोंड्यावर ते नीट वाढत नाही. जोडीला सुकट द्यावी. खेड्यात पिल्लांना वाळवी घालतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे.

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत, अशा मुलांना गळलेली पिसं तारीख आणि पिल्लाचं वय लिहून वहीत चिकटवायला सांगा. पिसं हाताळल्यावर साबणानं हात धुवायला विसरू नका. भिंगातून दांडा पोकळ दिसतो का? एकाच जातीच्या पिसाची लांबी वयाबरोबर कशी बदलते? उत्तर पुस्तकात शोधण्याआधी मुलांनी ते मोजपट्टीनं शोधावं.