सर्व्हरचं उत्तर: आधी आकडा, मग मजकूर

मुलांनो, इंटरनेटवर एखादं पान उघडताना ‘४०४’ हा आकडा तुम्ही कधीतरी पाहिला असेल. तो येतो कुठून?

आपण ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला, की ब्राउझर सर्व्हरकडे ते पान मागतो. मागायचं कसं आणि उत्तर द्यायचं कसं, याचे नियम ठरलेले आहेत. त्यांना एचटीटीपी म्हणतात.

सर्व्हरच्या उत्तराचे तीन भाग असतात. सुरुवातीला तीन अंकी आकडा, म्हणजे स्टेटस कोड. मग हेडर्स, म्हणजे उत्तराबद्दलची माहिती. शेवटी मजकूर. आपण मजकूर वाचतो; पहिले दोन भाग ब्राउझर वाचतो.

आकड्यातला पहिला अंक महत्त्वाचा.

२ – काम झालं.
३ – बहुतेक वेळा, दुसऱ्या पत्त्यावर जा.
४ – मागणीतच काहीतरी चुकलं आहे.
५ – सर्व्हरचीच अडचण आहे.

म्हणून ४०४ म्हणजे ‘मागितलेलं सापडलं नाही’.

आता हेडर्स. ‘कन्टेन्ट-टाइप’ हा हेडर मजकुराचा प्रकार आणि अक्षरं साठवण्याची पद्धत सांगतो. मराठी मजकूर यूटीएफ-८ पद्धतीत असेल आणि हेडरने भलतीच पद्धत सांगितली, तर ‘नमस्कार’च्या जागी विचित्र चिन्हं दिसतात!

हे सगळं नीट ठरवणं ॲप लिहिणाऱ्याचं काम असतं. समजा, तुम्ही फोनवरच्या ॲपमधून गृहपाठ पाठवला. पण सर्व्हरवर जागाच नव्हती, म्हणून तो साठवला गेला नाही. सर्व्हरने मजकुरात लिहिलं, ‘गृहपाठ साठवता आला नाही’, पण आकडा मात्र पाठवला २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. फोनवरचं ॲप आकडा बघतं. त्याने हिरवी खूण दाखवली आणि फोनमधली प्रत पुसून टाकली. गेला गृहपाठ! आकडा ५०० असता, तर ॲपला प्रत जपून ठेवता आली असती. सर्व्हर थोडाच वेळ बंद असेल, तर ५०३ पाठवतात. सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर दिला, तर ‘१२० सेकंदांनी पुन्हा या’ असंही सांगता येतं.

आकडा मजकुराच्या आधी निघतो आणि एकदा गेला की बदलता येत नाही. म्हणून आधी काम झालं का ते तपासायचं, मगच उत्तर पाठवायचं.

सांगा पाहू:
१. ५ ने सुरू होणारा आकडा काय सांगतो?
२. गोष्टीतला गृहपाठ का हरवला?